कामकाजाचा काळ : मुदतीची भाषा आणि संगणकाची गणना

एखाद्या अर्जाच्या निकालास किती वेळ लागला, हा प्रश्न वरकरणी केवळ अंकगणिताचा आहे. अर्ज आला ती वेळ आणि निकाल झाला ती वेळ ठाऊक असली, म्हणजे दुसरीतून पहिली वजा करावी व उत्तर सांगावे, इतकाच तो दिसतो. परंतु ‘किती वेळ’ याऐवजी ‘कामकाजाचा किती वेळ’ असे विचारले, की वजाबाकी अपुरी पडते आणि शब्दार्थाचा प्रश्न उभा राहतो. कामकाजाचा दिवस कोणता? तो केव्हा उजाडतो व केव्हा मावळतो? ‘सोमवारपासून’ असे म्हटले असता सोमवार मोजावयाचा की वगळावयाचा? या प्रश्नांची उत्तरे संगणकाजवळ नसतात. ती भाषेत, रूढीत आणि कायद्यात विखुरलेली असतात. आज्ञावली लिहिणाऱ्याला ती तेथून वेचून घ्यावी लागतात. प्रस्तुत विवेचनात हीच वेचणी अभिप्रेत असून, उदाहरणे प्रामुख्याने राजधानी दिल्ली व तिच्या भोवतालच्या प्रदेशातील कार्यालयीन व्यवहारातून घेतली आहेत. मराठीच्या अभ्यासकाला या विषयात रस वाटावा याचे कारण असे, की कालगणनेचे जे पेच आज यंत्रापुढे उभे राहतात, त्यांपैकी बहुतेक मराठी शब्दांत आणि मराठी कागदपत्रांत पूर्वीपासूनच नांदत आहेत.

प्रथम एक उदाहरण. केंद्र शासनाच्या दिल्लीतील कार्यालयांत ३ जून १९८५ पासून पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला. सकाळी ९ ते सायंकाळी ५.३० ही वेळ आणि मध्ये अर्ध्या तासाची सुट्टी धरली, तर दिवसाचे काम आठ तासांचे व आठवड्याचे चाळीस तासांचे होते. अशा एखाद्या कार्यालयात गुरुवार, १४ ऑगस्ट २०२५ रोजी दुपारी ३.४० वाजता एक अर्ज आला आणि मंगळवार, १९ ऑगस्ट रोजी सकाळी ११.१५ वाजता त्याचा निकाल झाला, असे समजू. घड्याळाच्या हिशेबाने मधला काळ ११५ तास ३५ मिनिटांचा आहे. आता शनिवार-रविवार वगळून केवळ कार्यालयीन वेळ मोजली, तर गुरुवारचे १ तास ५० मिनिटे, शुक्रवारचे ८ तास, सोमवारचे ८ तास आणि मंगळवारचे २ तास १५ मिनिटे मिळून २० तास ५ मिनिटे होतात. पण तो शुक्रवार १५ ऑगस्टचा, स्वातंत्र्यदिनाचा होता. तो वगळला की उरतात १२ तास ५ मिनिटे. दुसऱ्या दिवशी जन्माष्टमी होती. परंतु ती शनिवारी आल्यामुळे या हिशेबात तिने काहीच बदल केला नाही. एकाच घटनेला ११५, २० आणि १२ अशी तीन उत्तरे आली आणि तिन्ही आपापल्या अर्थाने बरोबर आहेत.

या गणनेची रीत थोडक्यात सांगता येते. आरंभ व अखेर यांच्या दरम्यानचा प्रत्येक दिवस घ्यावा. तो सुट्टीचा असल्यास सोडून द्यावा. कामाचा असल्यास कार्यालय उघडण्याची वेळ व कालावधीचा आरंभ यांतील जी नंतरची असेल ती घ्यावी. कार्यालय बंद होण्याची वेळ व कालावधीची अखेर यांतील जी आधीची असेल ती घ्यावी. दुसरीतून पहिली वजा करावी. उत्तर ऋण आल्यास शून्य धरावे. मधल्या सुट्टीचा जो भाग या पट्ट्यात पडत असेल तो कमी करावा. सर्व दिवसांच्या बाकीची बेरीज हे उत्तर. ऋण आल्यास शून्य धरण्याची पायरी किरकोळ वाटते. पण तिच्याशिवाय सायंकाळी सात वाजता आलेला अर्ज त्या दिवसाच्या खाती उणे दीड तास लिहून जाईल आणि एकूण बेरजेतून कोणाच्याही लक्षात न येता दीड तास गळेल. नव्या आज्ञावलीकाराच्या चुका पुष्कळदा येथेच सापडतात.

रीत येथे संपते. पुढचे सगळे प्रश्न शब्दांचे आहेत.

मराठीत कालवाचक शब्दांचा संसार मोठा व सरमिसळीचा आहे. ‘घटका’ हा शब्द घटिकापात्रावरून आला. बुडाशी बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडावी, ती भरून बुडाली की एक घटका झाली. अहोरात्राचा साठावा भाग, म्हणजे आजची २४ मिनिटे. मनुष्याची ‘घटका भरली’ असे मराठी माणूस म्हणतो तेव्हा त्याच्या बोलण्यात ही बुडणारी वाटीच असते. ‘तास’ हा शब्द अरबी-फारसीतून आला. तेथे त्याचा अर्थ पात्र किंवा वाटी असा आहे. मराठीत तो वाजवावयाच्या धातूच्या थाळीला लागला आणि तेथून थाळीच्या टोल्याने दर्शविल्या जाणाऱ्या कालखंडाला. म्हणजे संस्कृत परंपरेतील घटका व फारसी परंपरेतील तास या दोन्ही शब्दांच्या मुळाशी एकेक भांडेच आहे, ही गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे. ‘मुदत’ अरबी, ‘अवधी’ संस्कृत. ‘सुट्टी’ आपल्या ‘सुटणे’ या क्रियापदाशी निगडित, जशी हिंदीची ‘छुट्टी’ ‘छूटना’शी. आणि कामावर न आल्याने जो दिवस हिशेबातून कापला जातो, त्याला ‘खाडा’ हा स्वतंत्र शब्द मराठीत आहे. सुट्टी आणि खाडा यांतला भेद प्रत्येक हजेरीपुस्तकात पाळावा लागतो.

या शब्दांपैकी गणनेच्या दृष्टीने सर्वांत बोलका शब्द ‘आठवडा’ हा होय. सात वारांच्या समूहाला मराठीने आठवर आधारलेले नाव दिले. सोमवारच्या बाजारापासून पुढच्या सोमवारच्या बाजारापर्यंत बोटांवर मोजले, आणि दोन्ही टोकांचे सोमवार धरले, तर आठ बोटे दुमडली जातात. ही दोन्ही टोके धरून केलेली मोजणी आहे. फ्रेंच व जर्मन भाषांतही आठवड्याच्या अर्थाने ‘आठ दिवस’ म्हणण्याची रूढी आहे, तेव्हा हा विशेष एकट्या मराठीचा म्हणता येत नाही. दुसरी मोजणी टोकांमधल्या अंतराची. तिने सोमवार ते सोमवार सातच दिवस भरतात. पहिल्या मोजणीत खांब मोजले जातात, दुसरीत खांबांमधले गाळे. पाच खांबांच्या ओसरीला चारच गाळे असतात, हे सुताराला सांगावे लागत नाही. तारखा मोजताना मात्र सुशिक्षितांचाही गोंधळ होतो.

संगणकावरील हिशेबतक्त्यांत हाच भेद दोन वेगळ्या सूत्रांच्या रूपाने वावरतो. ‘एक्सेल’ या प्रसिद्ध तक्त्यातील ‘नेटवर्कडेज’ हे सूत्र दोन तारखांमधील कामाचे दिवस मोजते व दोन्ही टोके धरते. सोमवार व त्याच आठवड्याचा शुक्रवार दिले असता ते पाच असे उत्तर देते, जरी नुसत्या वजाबाकीचे उत्तर चार येत असले तरी. ‘वर्कडे’ हे दुसरे सूत्र एखाद्या तारखेपासून अमुक इतके कामाचे दिवस पुढे गेल्यावर कोणती तारीख येते ते सांगते, आणि ते आरंभीचा दिवस मोजत नाही. सोमवार देऊन पाच दिवस पुढे जावयास सांगितले, तर उत्तर पुढचा सोमवार येते. एका सूत्राचे उत्तर दुसऱ्याने पडताळू पाहणाऱ्यास एका दिवसाचा फरक हमखास आढळतो आणि यंत्र चुकले असे त्याला वाटते. वस्तुतः एक सूत्र ‘आठवडा’ या शब्दाप्रमाणे मोजते व दुसरे वकिलाप्रमाणे.

वकिलाप्रमाणे असे म्हणण्याचे कारण १८९७ च्या सर्वसाधारण वाक्यखंड अधिनियमात आहे. त्याच्या कलम ९ अन्वये केंद्रीय अधिनियमात ‘पासून’ या अर्थाचा इंग्रजी शब्द वापरला असता मालिकेतील पहिला दिवस वगळला जातो, आणि ‘पर्यंत’ या अर्थाचा शब्द वापरला असता शेवटचा दिवस धरला जातो. मराठी बोलीचा कौल याच्या उलट आहे. ‘सोमवारपासून शाळा सुरू’ असे म्हटले तर सोमवारी शाळा भरलेली असते. ‘सोमवारपासून शुक्रवारपर्यंत’ यात दोन्ही वार निःसंशय येतात. तेव्हा इंग्रजी अधिनियमाचे मराठी भाषांतर करताना ‘पासून’ हा शब्द सहज लिहिला, तर व्याकरण बिनचूक राहूनही अर्थ एका दिवसाने सरकू शकतो. भाषांतरकाराने ‘च्या दिनांकानंतर तीस दिवसांच्या आत’ अशी थोडी अवजड रचना पत्करली तर तिला नावे ठेवू नयेत. त्या अवजडपणात एक दिवस सुरक्षित ठेवलेला असतो.

याच जातीचा दुसरा शब्द ‘परवा’. मराठीने ‘काल’ व ‘उद्या’ वेगळे ठेवले; हिंदीने दोहोंसाठी ‘कल’ हा एकच शब्द ठेवला. दिल्लीत नव्याने आलेल्या मराठी माणसाला याचे नवल वाटते; परंतु ‘परवा’ हा शब्द मागेपुढे दोन्हीकडे चालतो, आणि त्याच्या पलीकडचा ‘तेरवा’ही, हे त्याच्या ध्यानात राहत नाही. क्रियापदाचा काळ पाहून अर्थ लागतो म्हणून व्यवहार अडत नाही. यंत्राला क्रियापद दिलेले नसते. त्याला फक्त चिन्ह दिलेले असते, अधिक किंवा उणे.

मुदतीचा शेवटचा दिवस सुट्टीचा निघाल्यास काय करावे, याविषयी कायद्याची दोन विरुद्ध मते आहेत आणि दोन्ही सकारण आहेत. १८९७ च्या त्याच अधिनियमाचे कलम १० सांगते, की एखादी गोष्ट न्यायालयात वा कार्यालयात विहित मुदतीत करावयाची असून मुदतीच्या शेवटच्या दिवशी ते बंद असेल, तर ते पुन्हा उघडेल त्या दिवशी केलेली गोष्ट मुदतीत केली असेच समजावे. १९६३ च्या मुदत अधिनियमाचे कलम ४ दाव्यांच्या बाबतीत हेच सांगते. याउलट १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम २५ प्रमाणे वचनचिठ्ठी किंवा विनिमयपत्र पिकण्याचा दिवस सार्वजनिक सुट्टीचा असेल, तर ते त्याच्या लगत आधीच्या कामकाजाच्या दिवशी देय होते. अर्जदाराची मुदत पुढे सरकते, ऋणकोची मागे. एकात दार बंद असल्याचा तोटा दार ठोठावणाऱ्यास होऊ नये ही दृष्टी आहे. दुसऱ्यात, धनकोला सुट्टीमुळे आपल्या पैशासाठी थांबावे लागू नये ही. व्यापारी उपयोगासाठी लिहिलेली आज्ञावली जशीच्या तशी उचलून अर्जांच्या निकालासाठी वापरली, तर दिशाच चुकते. अशा वेळी यंत्र कोणतीही तक्रार करीत नाही, हे अधिक घातक आहे.

याहून गंभीर उदाहरण माहितीच्या अधिकाराचे. २००५ च्या अधिनियमाच्या कलम ७ प्रमाणे सर्वसाधारण अर्जाला तीस दिवसांच्या आत उत्तर द्यावयाचे असते. मागितलेली माहिती एखाद्याच्या जीविताशी वा स्वातंत्र्याशी संबंधित असेल, तर अर्ज मिळाल्यापासून अठ्ठेचाळीस तासांच्या आत. या वाक्यात ‘कामकाजाचे’ हे विशेषण कोठेही नाही, ना दिवसांना, ना तासांना. आता असा अर्ज शुक्रवारी सायंकाळी पाच वाजता आला असे धरू. घड्याळाचे अठ्ठेचाळीस तास रविवारी सायंकाळी पाचला पुरे होतात. परंतु कार्यालयातील आज्ञावली जर दर दिवशी आठ तास या मापाने मोजू लागली, तर शुक्रवारचा अर्धा तास, पुढच्या पाच दिवसांचे चाळीस तास, आणि उरलेले साडेसात तास त्यापुढच्या सोमवारी भरतील. मध्ये एकही सण नसला तरी मुदत रविवारऐवजी आठ दिवसांनंतरच्या सोमवारी सायंकाळी पाचला संपल्याचे पडद्यावर दिसेल आणि तोवर अर्ज हिरव्या रंगातच राहील. कोठडीत ठेवलेल्या माणसाचा ठावठिकाणा विचारणारा तो अर्ज असला, तर या एका गाळलेल्या विशेषणाचे, किंबहुना नसलेले विशेषण यंत्राने मनाने घातल्याचे, मोल केवढे होते हे निराळे सांगावयास नको. रविवारी कार्यालय बंद असते म्हणून कलम १० चा आधार घेता येईल काय, हा युक्तिवाद कोणी करू शकेल. पण त्या आधाराने फार तर पुढचा उघडा दिवस मिळेल, दहा दिवस मिळणार नाहीत.

दिल्लीत दिवसाला रुपयांतही किंमत आहे. नागरिकांना कालबद्ध सेवा मिळण्याचा अधिकार देणारा दिल्लीचा अधिनियम २०११ सालचा. त्याखाली ठरलेल्या मुदतीपेक्षा झालेल्या विलंबाबद्दल नागरिकाला दर दिवशी दहा रुपये, आणि एका अर्जामागे जास्तीत जास्त दोनशे रुपये, अशी भरपाई योजलेली आहे. विसाव्या दिवसानंतर विलंब वाढला तरी रक्कम वाढत नाही. रक्कम अल्प खरी. पण ती संबंधित कर्मचाऱ्याच्या खाती पडावयाची असल्यामुळे ‘दिवस’ म्हणजे काय, हा प्रश्न कोशकाराच्या टेबलावरून कारकुनाच्या टेबलावर येतो. अर्ज कोणत्या वेळी ‘मिळाला’, त्रुटी काढून परत केला तो काळ कोणाच्या नावे मोजावयाचा, या गोष्टी तेव्हा फार जिव्हाळ्याच्या होतात.

सुट्ट्यांची यादी हा या गणनेचा कणा होय, आणि तिचा इतिहास मोठा आहे. अध्ययन कोणत्या दिवशी थांबवावे याचे नियम धर्मशास्त्रात ‘अनध्याय’ या नावाने आले आहेत. अमावास्या, पौर्णिमा, अष्टमी, चतुर्दशी हे त्यातले नेमाचे दिवस; अकाली मेघगर्जना, धुळीचे वादळ, घरी शिष्ट पाहुण्याचे आगमन हे अवचित येणारे. म्हणजे आधी छापता येणारी सुट्टी व आधी छापता न येणारी सुट्टी असे दोन वर्ग त्या काळीही मानले गेले होते. महाराष्ट्रातील कारागिरांत अमावास्येला हत्यारे खाली ठेवण्याची रूढी होती. रविवारच्या सुट्टीची कथा मात्र मुंबईच्या गिरण्यांची. सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीस यश येऊन १० जून १८९० रोजी गिरणीकामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य झाली. रविवार हा खंडोबाचा वार, ही बाजू त्या मागणीत मांडली गेल्याचे सांगितले जाते. इंग्रजी पंचांगातून आलेला सुट्टीचा वार मराठी दैवताच्या नावे रुजवण्याचा हा प्रयत्न सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांनी अधिक बारकाईने पाहावयास हवा.

आज केंद्र शासन दरवर्षी राजपत्रित सुट्ट्यांची यादी काढते व त्याखेरीज प्रत्येक कर्मचाऱ्यास ऐच्छिक यादीतून दोन दिवस निवडण्याची मुभा देते. दिल्लीतील मराठी कर्मचाऱ्याच्या दृष्टीने गुढीपाडवा, गणेशचतुर्थी आणि शिवजयंती हे दिवस या ऐच्छिक यादीत असतात. परिणामी एकाच खोलीत बसणाऱ्या दोघांचे कामाचे दिवस वेगळे होतात. कार्यालय उघडे, पण ज्याच्या टेबलावर अर्ज आहे तो गणपती बसवावयास घरी. अशा वेळी अर्जाचे तास चालू असतात की थांबलेले? मुदत कार्यालयावर बंधनकारक असते, व्यक्तीवर नव्हे, तेव्हा ते चालूच राहतात असे उत्तर द्यावे लागते. पण कर्मचाऱ्याची कार्यक्षमता मोजणारी आज्ञावली हेच तास वेगळ्या रीतीने मोजील. नोएडा उत्तर प्रदेशात, गुरुग्राम हरियाणात, आणि मधली दिल्ली तिसरी; तीन सरकारांच्या तीन याद्या. मेट्रोने तासाभरात ओलांडता येणाऱ्या या परिसरात एकच यादी धरून चालत नाही.

ईदच्या सुट्टीने तर यादीला कायमचे प्रश्नचिन्ह लावून ठेवले आहे. ईद-उल-फित्र, ईद-उज-जुहा, मुहर्रम व ईद-ए-मिलाद यांच्या तारखा चंद्रदर्शनावर अवलंबून असल्याने, गरज पडल्यास दिल्लीतील कार्यालयांसाठी बदल आकाशवाणी, दूरदर्शन व वृत्तपत्रे यांतून जाहीर करता येईल, अशी तरतूद वार्षिक परिपत्रकातच असते. म्हणजे आदल्या संध्याकाळपर्यंत उद्याचा दिवस कामाचा की सुट्टीचा हे ठरलेले नसू शकते. अशा स्थितीत भविष्यातील मुदतीची तारीख आज काढून कायमची साठवून ठेवणे ही चूक होय. मुदत दिवसांत साठवावी, तारीख मागणीप्रमाणे काढावी. आणि जुन्या याद्या पुसून टाकू नयेत, कारण मागील वर्षीच्या अर्जाला मागील वर्षीचीच यादी लागू पडते. बँकांचे उदाहरण पुरेसे आहे. १ सप्टेंबर २०१५ पासून दुसरा व चौथा शनिवार त्यांना पूर्ण सुट्टीचा झाला आणि उरलेले शनिवार पूर्ण कामाचे. तत्पूर्वी शनिवार अर्धा दिवस असे. महाराष्ट्र शासनाचा पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासूनचा. ‘शनिवार’ या शब्दाचा कार्यालयीन अर्थ असा वर्षागणिक व ठिकाणागणिक बदलतो.

येथे मराठी इतिहाससंशोधकाला आपले घर आठवेल. पेशव्यांचे दिल्लीतील वकील हिंगणे यांची पत्रे, किंवा पारसनीसांनी प्रसिद्ध केलेली ‘दिल्ली येथील मराठ्यांची राजकारणे’, वाचणाऱ्यास तिथी, मुसलमानी चंद्र आणि शुहूर सन यांच्याशी एकाच वेळी झुंजावे लागते. ‘छ’ या खुणेपुढे मुसलमानी महिन्याचा चंद्र; वर्ष अरबी संख्याशब्दांत, जसे ‘इहिदे खमसैन मया व अलफ’ म्हणजे ११५१, अर्थात इ. स. १७५०-५१; आणि ते वर्ष सुरू होणार मृगावर. मुसलमानी दिवस सूर्यास्ताला पालटतो, हिंदू वार सूर्योदयाला, इंग्रजी तारीख मध्यरात्रीला. रात्री लिहिलेल्या एका पत्राला त्यामुळे तीन निरनिराळे ‘दिवस’ लागू शकतात. संशोधकांनी यावर उपाय काढला तो जंत्रीचा. मोडकांची वा खरे यांची जंत्री म्हणजे प्रत्येक दिवसापुढे त्याची सर्व नावे आधीच लिहून ठेवलेला तक्ता. प्रत्येक वेळी गणित न करता तक्ता उघडून पाहावयाचे. कामकाजाच्या तासांची चांगली आज्ञावलीही शेवटी हेच करते. दर दिवसाची एक ओळ, त्यापुढे तो कामाचा की नाही, उघडण्याची व मिटण्याची वेळ, ठिकाण, आणि कोणत्या आदेशान्वये ते ठरले याची नोंद. सूत्रांच्या चातुर्यापेक्षा ही जंत्री अधिक भरवशाची ठरते. ‘जंत्री’ आणि दिल्लीच्या संसद मार्गावरील ‘जंतर मंतर’ यांचे ‘यंत्र’ या शब्दाशी असलेले नाते तर उघडच आहे.

दिवसांना सलग क्रमांक देण्याची कल्पनाही भारतीय ज्योतिषाला नवी नाही. एखाद्या आरंभबिंदूपासून लोटलेल्या दिवसांच्या संख्येला ‘अहर्गण’ म्हणतात. कलियुगारंभापासून मोजलेला अहर्गण फार मोठा होतो म्हणून कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने ‘ग्रहलाघवा’त शके १४४२ हा आरंभ धरला आणि अकरा वर्षांचे, ४०१६ दिवसांचे एक चक्र कल्पून संख्या लहान राखली. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात या ग्रंथाची योग्यता विस्ताराने सांगितली आहे. एक्सेलही तारखा अशाच ठेवतो. १ जानेवारी १९०० हा त्याचा पहिला दिवस. १४ ऑगस्ट २०२५ हा ४५८८३ वा, आणि दुपारचे ३.४० म्हणजे त्यापुढे सुमारे ०.६५२७८ इतका अपूर्णांक. त्याच्या अहर्गणात एक दोष मात्र जाणूनबुजून राखलेला आहे. इ. स. १९०० हे लीप वर्ष नव्हते, तरी ‘लोटस’ या पूर्वीच्या तक्त्याशी जुळावे म्हणून २९ फेब्रुवारी १९०० हा कधी न उजाडलेला दिवस त्यात मोजला जातो. तिथीचा क्षय ज्यांना परिचित आहे, त्यांना तारखेची ही वृद्धी मनोरंजक वाटेल.

अपूर्णांकांचाही एक धोका आहे. तास हा दिवसाचा चोविसावा भाग; द्विमान पद्धतीत तो अपूर्णांक मर्यादित अंकांत नेमका लिहिता येत नाही, जसा दशमान पद्धतीत एकतृतीयांश लिहिता येत नाही. त्यामुळे अशा तासांच्या लांबलचक बेरजेत सूक्ष्म तूट-वाढ साठते आणि ‘बरोबर आठ तास’ हे ‘आठ तासांहून किंचित कमी’ ठरून एखादी पूर्ण हजेरी अपुरी दिसू शकते. पंचांगकर्ते घटिका-पळांत पूर्णांकांनी मोजत, तसे येथे मिनिटे वा सेकंद पूर्णांकात मोजावे. तास शेवटी काढावे.

राहिला मध्यरात्रीचा प्रश्न. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून अमलात आली, आणि ती ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. मुंबईने मात्र आपली ३९ मिनिटे मागची वेळ पुढे पुष्कळ वर्षे जपली. आज ही प्रमाणवेळ नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा आण्विक घड्याळांवर राखते. परंतु संगणक आपल्या पोटात बहुधा जागतिक समन्वित वेळ ठेवतो, जी साडेपाच तास मागे असते. १ तारखेला पहाटे दोन वाजता ऑनलाइन भरलेला अर्ज तेथे आदल्या दिवशीच्या रात्री साडेआठचा म्हणून नोंदला जातो. दिवस मोजण्यापूर्वी साडेपाच तास मिळवले नाहीत, तर अर्ज एक दिवस, प्रसंगी एक महिना किंवा आर्थिक वर्षही मागे जाईल.

गुरुग्राम व नोएडा येथे परदेशी ग्राहकांसाठी रात्रभर चालणाऱ्या कार्यालयांत हा पेच रोजचाच आहे. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे हिवाळ्यात येथील सायंकाळचे साडेसात आणि उन्हाळ्यात साडेसहा. तेथे घड्याळे मार्च व नोव्हेंबरमध्ये सरकतात, येथे सरकत नाहीत. पाळी सोमवारी संध्याकाळी सुरू होऊन मंगळवारी पहाटे संपते. मंगळवार सुट्टीचा असेल, तर मध्यरात्रीनंतरचे तास कोणाचे? १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ५७ ने कारखान्यांपुरते याचे उत्तर दिले होते. मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीत मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात मोजावे, आणि त्या कामगाराचा पुढचा दिवस पाळी संपल्यापासून सुरू झाला असे धरावे. मराठी माणूस रात्री एक वाजता घडलेल्या गोष्टीला ‘सोमवारच्या रात्री’ घडलेली म्हणतो. पंचांगातला वार सूर्योदयापर्यंत तोच राहतो. रात्रपाळी एका दिवसात अखंड बसवावयाची तर मध्यरात्रीच्या तारखेपेक्षा सूर्योदयाचा वार अधिक सोयीचा, असे या बाबतीत म्हणावे लागते.

काही वेळा काळ मोजावयाचाच नाही असा आदेश होतो. कोविडच्या साथीत सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२० रोजी स्वतःहून दखल घेऊन दाव्यांच्या मुदती वाढवल्या, आणि १० जानेवारी २०२२ च्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या गणनेतून वगळला. त्या तारखांतून एकमेकींची वजाबाकी केली तर ७१५ दिवस येतात. आदेशातील दोन्ही टोके धरली, आठवडा मोजतात तशी, तर ७१६ येतात. आणि वगळलेला काळ असल्यामुळे येथे दोन्ही टोके धरणेच प्राप्त आहे.